क्रूसाच्या उगवतीला, हातभर

गोबनेटने आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या पाथरवटाकडून एक लहानशी पाटी घडवून आणली होती. काळ्या दगडाची, वहीएवढी, आणि तिच्यावर एकच नाव कोरलेलं: कोलमन. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पाटी काखेत धरून ती शेताच्या कोपऱ्यात उभी होती, आणि तिचा दीर डोनल कुदळ घेऊन मागून रेंगाळत येत होता.

कोपऱ्यात तो जुना क्रूस होता. कमरेइतका उंच दगड, त्यावर वर्तुळात कोरलेला क्रूस आणि खाली दोन वेटोळी. मठातल्या कुणा साधूने हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कोरलेला. आता त्याच्यासाठी रस्त्यावर पर्यटकांचा तपकिरी फलक आहे, पुस्तकात नकाशा आहे, आणि उन्हाळ्यात जर्मन लोक तो नकाशा उलटासुलटा फिरवत चिखल तुडवून इथवर पोचतात. गोबनेट विधवा होऊन बॉस्टनहून परतली तेव्हापासून रोज इथे येऊन बसायची. म्हातारपणी बायकांना देव आठवतो तसं असेल, असं डोनल समजून चालला. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. या घराण्यात तोंडं उघडायची ती चहा प्यायला.

"कुठे खणू, वहिनी?"

"क्रूसापासून हातभर. उगवतीच्या अंगाला. आणि हळू रे, बटाटे काढायचे नाहीत."

"सरकारी माणसं बोंबलतील हं. आणि हा कोलमन कोण? कुठला संतबिंत?"

"माझा मुलगा."

डोनलने मान वर केली. वहिनीला मूलबाळ नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग गोबनेट बोलली, आजवर गिळलेलं सगळं धडाधडा बोलली. लग्नानंतर, बॉस्टनला जाण्याआधी, ती आणि तिचा नवरा फिनान कॉर्क शहरात एका खोलीत राहायची. सासरचं शेत तिने तोवर पाहिलंही नव्हतं. मूल झालं, पण रडलं नाही. बाप्तिस्मा नाही, म्हणून चर्चच्या भुईत जागा नाही. असलं मूल बापानेच न्यायचं, एकट्याने, अंधार पडल्यावर, कुठल्यातरी जुन्या दगडापाशी. आणि जागा कुणाला सांगायची नाही. आईला नाही, सख्ख्या भावालाही नाही. रीत म्हणे! ही रीत काढणाऱ्याच्या हातात स्वतःचं मेलेलं पोर कधी आलं नसणार.

"फिनानने मरताना सांगितलं. आपल्या शेतातल्या क्रूसापाशी, उगवतीला, हातभरावर. म्हणून तर मी परत आले. रविवारी फादर कीवान येणार आहेत जागेवर पवित्र पाणी शिंपडायला. उशिरा का होईना, लाज वाटली त्यांना."

डोनलच्या हातातली कुदळ गळून पडली. त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

"काय झालं रे? भूत बघितलंस?"

"वहिनी, हा क्रूस इथला नाही."

"म्हणजे?"

"मी हलवला. ट्रॅक्टरला साखळी बांधून. फुटबॉलच्या फायनलच्या रविवारी, सगळं गाव टीव्हीला चिकटलेलं असताना. मग कधीतरी सरकारी माणूस आला, त्याने नकाशावर इथेच टिंब काढलं. मी गप्प बसलो. म्हटलं, दगडच तर आहे, इथे काय नि तिथे काय."

गोबनेटच्या पायाखालची जमीन सरकली. इतकी वर्षं ती इथे बसून लेकराशी बोलत होती, त्याच्या वाढदिवसाला फुलं ठेवत होती, आणि खाली नुसती माती होती.

"आधी कुठे होता?" तिने विचारलं. डोनल कुदळ उचलायला वाकला. "डोनल, कुठे होता?"

त्याने तिच्या घराकडे पाहिलं. "फिनानने बॉस्टनहून लिहिलं होतं ना, म्हातारपणी परत येऊ, आमच्यासाठी घर बांधून ठेव. सपाट जागा तेवढीच होती. क्रूस मधे येत होता."

"पाया खणताना काय निघालं?"

"काही नाही. ओंजळभर पांढरे गोटे, एका जागी रचलेले. मला वाटलं, पोरांचा खेळ असेल."

"मग?"

"काँक्रीटमध्ये टाकले."

असल्या मुलांच्या उशाशी बाप समुद्रावरचे पांढरे गोटे ठेवतात. डोनलला ते माहीत असायला हवं होतं. पण त्यालाही कधी कुणी काही सांगितलं नव्हतं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. गोबनेटने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पाटी घेऊन तरातरा घराकडे निघाली.

दाराशी येऊन ती थांबली. "दाखव."

डोनलने बाहेरूनच बोट केलं. क्रूस होता तिथे आता चूल होती. उगवतीला हातभर म्हणजे सिंकपुढची फरशी. तिथे उभी राहून ती रोज बटाटे सोलायची, रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या घालायची, आणि हात पुसत पुसत "बाळाकडे जाऊन येते" असं स्वतःशीच म्हणत तिथूनच घाईघाईने शेताच्या कोपऱ्याकडे निघायची.

"फादरना सांग," ती म्हणाली, "रविवारी पाणी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात या म्हणावं."

"सांगतो. वहिनी, आत चला ना. वारं फार सुटलंय."

गोबनेटने पाय उचलला, आणि तो उंबऱ्यावर तसाच अधांतरी राहिला.

"मी पाय कुठे ठेवू रे, डोनल?"