आईंचं पाणी तोडलं तेव्हा

सकाळी चहाच्या वेळी आईंच्या थोरल्या चिरंजीवांनी फर्मान काढलं : संध्याकाळनंतर आईंना पाणी बंद. म्हातारी रात्रभर उठते, घराची झोप मोडते. घराची म्हणजे थोरल्यांची. बाकीचे त्यांच्या घोरण्यामुळे जागेच असत.

धाकटी सून शिलाई मशीनवर बसून ऐकत होती. सुईत दोरा जात नव्हता.

वर्षभर सासूबाईंना तहान सोसवत नव्हती, पोट साफ होत नव्हतं, हाडं ठणकत होती. हाडांचं नाव निघताच थोरल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, लेकीने आणल्या, जावयांनी तर जास्त ताकदीच्या आणल्या. विधवा आईजवळ घटकाभर बसणं तेवढं कुणाला जमलं नाही. आता ती नातवंडांची नावं विसरू लागली, तेव्हा घराने एकमताने निदान केलं : चळ लागला. उद्या वृद्धाश्रमाची गाडी येणार होती.

“सूनबाई, घोटभर दे गं,” आतून आवाज आला.

“दिवसा दिलंस तरी चादरी तू धुवायच्या!” थोरले गरजले.

“आत्ता तरी कोण धुतं, भाऊजी?”

तिने तांब्या भरून दिला आणि सासूबाईंना धरून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. दुपारी थोरले आणि तिचा नवरा धावत आले, तोवर आईंना सलाईन लागलं होतं.

“रक्तात कॅल्शियम फार चढलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गळ्यातली एक इवलीशी ग्रंथी बेफाम झाली असावी, ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतते. तहान त्यानेच, डोक्यातला गोंधळही बहुधा त्यानेच. त्यात तुम्ही गोळ्या चारल्यात, वर पाणी तोडायला निघालात! तपासणीत ग्रंथीच निघाली, तर ऑपरेशन करावं लागेल.”

“या वयात गळ्यावर सुरी?” थोरले कळवळले. “त्यापेक्षा आश्रमात शांतपणे...”

“शांतपणे काय, भाऊजी?”

इतकी वर्षं घरात शेवटचा शब्द थोरल्यांचाच असे. आज त्यांनी तो धाकट्या भावावर सोपवला.

नवरा बुटांकडे बघत पुटपुटला, “दादा म्हणतोय तर...”

“दादा म्हणतायत. आईंना कुणी विचारलं?”

कुणीच विचारलं नव्हतं. तिने तिथूनच आश्रमाला फोन लावला. “उद्या गाडी पाठवू नका. परवाही नको.”

“आणि नाही झाली बरी, तर?” थोरले फणकारले.

तिला ते ठाऊक नव्हतं.

“तर आजारी माणूस म्हणून घरी नेऊ,” ती म्हणाली. “अडगळ म्हणून कुठेही पाठवायचं नाही.”