तुळजाबाईच्या संडासातलं बियाणं

भूकंपानंतर सरकारनं नव्या गावात प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्यांचं सिमेंटचं घर दिलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक संडास दिला. घराचं काय करायचं ते लोकांना कळलं. संडासाबाबत मात्र ज्यानं त्यानं आपलं डोकं चालवलं. विरूपाक्ष किराणावाल्यानं त्यात रिकामी पोती कोंबली, सरजाबाईनं कोंबड्या कोंडल्या आणि तुळजाबाईनं बियाणं ठेवलं. ज्या कामासाठी तो बांधला होता त्या कामाला रान मोकळंच होतं.

तुळजाबाईनं संडासाच्या भांड्यावर शहाबादी फरशी टाकली, फरशीवर मडकी रचली, मडक्यांत दोडका, कारलं, गवार, भेंडी, सगळं राखेत कालवून ठेवलं. भिंतीला खिळे ठोकून बियाला राखलेले दुधी टांगले. दर वर्षी मार्गशीर्षात, वेळ अमावस्येच्या सणाला, ती शेतातली पूजा आटोपून आली की संडासाच्या दाराला हळदकुंकू लावायची. तिचा नवरा रामकिशन म्हणायचा, "साऱ्या जिल्ह्यात पुजला जाणारा संडास आपलाच आसंल बघ."

"तुमच्यापरीस कामाचा हाय म्हणून पुजते," ती म्हणायची.

कामाचा तर होताच. माघ सरायला लागला की तिकडचं आभाळ चळल्यासारखं वागतं. सकाळी गोधडी सुटत नाही, दुपारी घाम पुसून हात दुखतात आणि चार वाजता कुठून तरी ढग येऊन गारा ओतून जातो. उन्हाळी वांग्या-मिरच्यांची रोपं नेमकी त्याच दिवसांत बोटभर झालेली असतात. गेली तीन वर्षं गावातल्या सगळ्यांची रोपं गारांनी झोडपली होती. तुळजाबाईची तेवढी वाचली, कारण ती रोपं तेलाच्या कापलेल्या डब्यांत लावायची, दिवसभर अंगणात ऊन खाऊ द्यायची आणि आभाळ काळवंडलं की दोन-दोन डबे उचलून संडासात धावायची. मग अर्धं गाव तिच्या दारात रोपं मागायला यायचं, आणि ती द्यायची. पण देण्याआधी प्रत्येकाला दोन शब्द ऐकवायची.

अशा बाईला विरूपाक्षाच्या दुकानातल्या फोनवरून तिची लेक सुकन्या म्हणाली, "माय, संडास रिकामा केलास तरच मी येईन."

सुकन्या लातूरला बारावीला होती. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रविवारी परीक्षा. दिवाळीनंतर पोरीनं घराचं तोंड पाहिलं नव्हतं. वेळ अमावस्येलासुद्धा आली नव्हती. आता बोर्डाच्या पेपरआधी आठ दिवस क्लासला सुट्टी होती. पोरीला आठ दिवस समोर बसवून पोटभर जेवू घालायचं, एवढं एकच तुळजाबाईच्या डोक्यात होतं.

"का गं? सारं खानदान रानात जाऊन मोठं झालं, तुलाच काय झालं?"

"मला आता न्हाई जमत. तू काय रिकामा करणार न्हाईस, ठावं हाय मला. ऱ्हाऊ दे. मी हितंच अभ्यास करते."

तुळजाबाईनं फोन आपटला. विरूपाक्षानं फोनकडं काळजीनं पाहिलं. घरी येईपर्यंत तिनं लातूर शहर, तिथले क्लास आणि तिथले संडास यांचा यथेच्छ उद्धार केला. रात्री जेवली नाही. सकाळी उठून रामकिशनला म्हणाली, "औश्याहून मिस्त्री आणा."

जलील मिस्त्री आला, मडकी बाजूला करून, फरशी सरकवून आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "बाई, दहा साल झाले, अन् ह्यात पानी बी गेलं न्हाई! नवरीसारखं कोरं भांडं हाय. मी लई संडास बघितले, पन बियान्याचा वास येनारा हा पहिलाच."

"वास घेऊ नको, काम कर," तुळजाबाई म्हणाली.

त्यानं दाराला नवी कडी बसवली, बाहेर पाण्याचा हौद जोडला. तिनं मडकी एकेक करून घरामागच्या पत्र्याच्या शेडात नेली, दुधी आढ्याला टांगले. डबे अंगणातच राहिले, कारण शेडात आता वाकायलासुद्धा जागा नव्हती. रिकाम्या संडासात उभं राहून तिला खरोखर रडू आलं. मग तिनं नाक पुसलं आणि दुकानावर जाऊन लातूरला निरोप दिला: रिकामा केलाय, ये.

पलीकडं सुकन्यानं बरं म्हणून फोन ठेवला. आनंदानं सामान भरायला पळाली असेल, असं तुळजाबाईनं धरलं.

बुधवारी दुपारी पोरगी आली. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, पाठीवर पुस्तकांचं ओझं. तिला आणायला गेलेल्या रामकिशननं वाटेतच चार जणांना "आमच्या डाक्टरीणबाई" म्हणून तिची ओळख करून दिली होती. सुकन्या दोन घास जेवली, तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला, "सांगा डाक्टरीणबाई, क्लासात कितवा नंबर हाय?" ती ताटावरून उठली आणि थेट संडासात गेली.

"बघा, किती नड होती पोरीला," रामकिशन समाधानानं म्हणाला आणि विरूपाक्षाच्या दुकानाकडं निघून गेला. पोरगी आत गेली ती बाहेर येईना. तुळजाबाई भांडी घासत होती. अर्ध्या तासात ऊन गेलं, वारा फिरला, आणि पश्चिमेकडून आभाळ असं काळं झालं की कोंबड्या गपचूप आत शिरल्या. पहिली गार पत्र्यावर वाजली तशी तुळजाबाई उठली. दोन्ही हातांत दोन डबे घेतले आणि पळाली. दहा वर्षांची सवय. पायांना कोणी सांगितलं नव्हतं की खोली आता दुसऱ्या कामाला गेलीय. तिनं दारावर लाथ मारली. दार उघडेना.

"आत कोण हाय?"

"माय, मी हाय!"

"आगं निघ की बाहेर! रोपं आत घ्यायचीत!"

"आगं पण मी..."

एक गार तुळजाबाईच्या डोक्यात बसली आणि तिच्या तोंडून गारेला अशी शिवी गेली की सुकन्यानं घाबरून कडी काढली. मायला आत ओढलं, दार लावलं. चार बाय चारच्या त्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या, मध्ये दोन डबे आणि एक भांडं. बाहेर लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. दाराच्या फटीतून तुळजाबाई बघत होती. मिरच्या गेल्या. वांगी गेली. बाहेर राहिलेल्या डब्यांत नुसती माती उरली.

"तुझ्यापायी," ती म्हणाली. "तुझ्या ह्या सोयीपायी."

तेव्हा सुकन्या भिंतीला टेकून म्हणाली, "मला वाटलं तू रिकामा करणारच न्हाईस."

"म्हंजे?"

"म्हणून तर सांगितलं. तू न्हाई म्हणशील, मग मला यावं लागणार न्हाई." तिनं ओढणी तोंडाशी धरली. "क्लासात मार्कांवर तुकड्या लावत्यात, माय. मी पहिल्या तुकडीत होते. आता चौथ्या तुकडीत हाय. दर रविवारी भिंतीवर यादी लागती. आप्पा डाक्टरीण, डाक्टरीण करायलेत. मला काय ते जमायलं न्हाई. तिथं मी हे मनात दाबून बसले होते, हितं येऊन आत लपून बसले."

म्हणजे पोरीनं बोलावणं टाळण्यासाठी संडास पुढं केला होता, आणि आपण वेड्यासारखा तो खरोखर रिकामा केला. तुळजाबाईला आधी राग आला, रोपांचा. मग रोपं आठवेनाशी झाली. आपल्या पोटच्या पोरीला आपल्या घरी यायची भीती वाटली, हे तिला सोसेना.

डोक्यावर पोतं घेऊन कोणीतरी धावत आलं. दारावर थाप पडली. "आत कोण हाय?" रामकिशन ओरडला.

"आम्ही हाव. दोघी."

रामकिशननं दाराला कान लावला. "दोघी? हे बी लातूरलाच शिकवत्यात व्हय?"

"माय, आप्पांना सांगू नको," सुकन्या कुजबुजली.

"तिथंच थांबा, गारा खात!" तुळजाबाई दाराकडं ओरडली. मग लेकीकडं वळली. तिचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "भूकंपाच्या त्या सकाळी माझे हात कोपरापतुर रक्तानं भरले हुते. शेजारच्या घरातलं मोठं माणूस वरडत हुतं, मी तिकडं गेले न्हाई. मी तुझ्यावरचे दगड काढले. तुला ढिगाऱ्यातून काढलं तवा काय मार्क बघून काढलं व्हय गं?"

सुकन्या जी रडायला लागली ती नाका-डोळ्यांतून, मोठ्यानं, लहान पोरासारखी. बाहेर रामकिशन दार बडवत राहिला. तुळजाबाईनं लेकीला एका हातानं जवळ धरलं, दुसऱ्या हातानं कडी काढली, आणि पोत्याखाली भिजलेल्या नवऱ्याला म्हणाली, "पोरगी चौथ्या तुकडीत हाय. आता काय इचारायचं ते मला इचारा."