बादलचा वाटा

पैनगंगेचं पाणी तांड्यातून उतरलं, पण आमच्या घराचा कूड पडला होता आणि वरचे पत्रे वाहून गेले होते. बादलनं अजून मानही धरली नव्हती. तो माझ्या ओल्या पदरात झोपायचा आणि त्याची छाती घरघरायची. त्याच्या डोक्यावर काहीतरी कोरडं हवं होतं, एवढंच माझ्या मनात.

उमरखेडहून मदतीच्या ताडपत्र्यांचा टेम्पो आला. थांबला तो माझ्या जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, फुलसिंगांच्या गोदामाशी. मदतवाल्यांनी आमच्या तांड्याचं वाटप त्यांच्यावरच सोपवलेलं. टेम्पो रिकामा होऊन गेला, दाराला आतून कुलूप लागलं.

जराशानं मागच्या खिडकीतून फुलसिंगांनी दोन ताडपत्र्या सासूच्या हातात दिल्या.

"बादलसाठी. चूप राहा. बाकीच्यायले सांगू, माल कमी आला."

बिजलीबाईंनी, माझ्या सासूनं, त्या माझ्यापुढं ठेवल्या. "घे वं. पोराची छाती पाह्य."

मी हात लावला. नव्या प्लॅस्टिकचा कोरडा, उबदार वास. हात मागं घेववेना. पलीकडं शेजारची मानीबाई, दिवस भरत आलेली, भिजल्या पोत्यावर बसून बघत होती. तिची नजर ताडपत्र्यांवरून माझ्या हातावर आली.

मी दोन्ही ताडपत्र्या काखेत मारल्या, बादलला खांद्याशी धरलं आणि तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या अंगणात गेले. डोंगरसिंग नायक खाटेवर होते. फुलसिंग शेजारीच चहा पीत होते. बरीच माणसं जमलेली.

आमच्यात सून जेठाशी बोलत नाही. मी घुंघट ओढला आणि बादलला म्हटलं, "बादल, तुह्या मोठ्या बाबाले इचार, बोकड कापला तं वाटे कुठं पाडतात?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. वाटे इथंच पडतात, सगळ्यांदेखत, घरटी एक. आणि पाडणारा आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलतो. हे तांड्यातली पोरंही जाणतात.

फुलसिंगही बादलकडंच बघून बोलले. "तुह्या मायले सांग, हा बोकड नोहे. तोंड आवरलं नाही तं पुढच्या टेम्पोत तुमच्या घरासाठी काई नसन."

बादल रडायला लागला. त्याच्या रडण्यावर आवाज चढवून मी म्हटलं, "मोठ्या बाबाले सांग, हे दोन इथं ठेवले. बाकीचे आणा म्हणा."

ताडपत्र्या मातीत ठेवल्या.

मागून कुणीतरी हसलं. "म्हंजे कलेजी खिडकीतून आधीच गेलती!"

फुलसिंगांनी आईकडं पाहिलं. माझ्या मागोमाग आलेली सासू खाली बघत होती. मग म्हणाली, "जाय फुल्या. आण."

"आण," नायक म्हणाले. "आन् वाटे तूच पाड."

कुलूप उघडलं. ताडपत्र्या एकेक करून अंगणात पडू लागल्या. मानीबाईनं तिची छातीशी धरली. पाडणाऱ्याचं घराणं मागं, म्हणून आम्ही थांबलो. शेवटी एकच उरली. घरं मात्र दोन, माझं आणि त्यांचं.

त्यांचं घर स्लॅबचं. तरी त्यांनी ताडपत्रीवर पाय ठेवला. बादलच्या श्वासाची घरघर मला कानाशी ऐकू येत होती.

त्यांनी ताडपत्री पायानंच आमच्याकडं सरकवली. "तुह्या मायले सांग बादल, मी इसरणार नाई."

बादलनं त्यांच्याकडं बघत मोठी जांभई दिली. मी वाकून ताडपत्री उचलली.