भूल दिलेल्या माणसाचे कोपर

मित्रांनो, सुरतच्या एका इस्पितळात गेली सतरा वर्षे आजारी माणसे ज्याच्यावर निजतात, ते ऑपरेशनचे जुने टेबल म्हणजे मी. नवे होते तेव्हा माझे भारी कौतुक झाले. मला वर उचलता येई, एका अंगाला कलंडवता येई. पुढे माझी गादी कडेला फाटली आणि आतले पोलाद उघडे पडले. तिकडे कोणी पाहिले नाही.

एके दिवशी शहराच्या बमरोली भागातले, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणारे भाईदास पित्ताच्या खड्यांसाठी माझ्यावर निजले. ऑपरेशन छान झाले. पण हिरव्या चादरीखाली त्यांचे कोपर दोन तास त्या उघड्या कडेवर दाबले गेले. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

दुसऱ्या दिवशी रंजना सिस्टर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर हितेशभाईंकडे आल्या.

"साहेब, भाईदासांची दोन बोटं बधिर झालीत. म्हणतात, 'बाई, करंगळी मनी वाटतच नही. तुटेल धागा कसा गाठू?' मागावरचा तुटलेला धागा त्यांना बोटांनीच बांधावा लागतो."

डॉक्टरांनी येऊन माझी उघडी कड पाहिली; करंगळीकडे जाणारी नस कोपरापाशी तिच्यावरच दबली होती. बोटांत जाण परतायला चार महिने लागले. तोवर भाईदास घरीच बसून होते.

रुग्णाला माझ्यावर कसे निजवायचे, हे सिस्टरांनी मग ऑपरेशनच्या खोलीतल्या सगळ्यांना शिकवायचे ठरवले. पहिल्याच दिवशी त्यांनी खुद्द डॉक्टरांना माझ्यावर निजवले आणि त्यांचे कोपर त्याच कडेवर टेकवले. थोड्या वेळाने डॉक्टर बधिर बोटे झटकत ताडकन उठले.

"अरे, आंगळीओ सुन्न थई गई!"

"तुम्ही उठलात, साहेब. भूल दिलेला माणूस कसा उठणार?"

त्याच आठवड्यात मला नवी गादी मिळाली. कोपराखाली मऊ उशी ठेवायची, हात फार ताणायचा नाही, टेबल हलवले की पुन्हा वाकून पाहायचे, हे आता सगळेजण शिकले.

पुढे साड्यांवर चमकते खडे लावणाऱ्या पुष्पाबाई ऑपरेशनसाठी आल्या. ऑपरेशन चालू असताना मला कलंडवले, आणि त्यांचा हात सरकला. सर्वांत नवी सिस्टर नीलम खाली वाकली. तिने चादर उचलली.

"साहेब, थांबा. हात लटकतोय."

डॉक्टर थांबले. हात नीट ठेवला, उशी सारखी केली, मगच काम पुढे चालले. शुद्धीवर येताच पुष्पाबाईंनी दोन्ही हातांनी आपले विस्कटलेले केस सावरले. नीलमचे डोळे भरून आले.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील. त्यांना कुशीवर वळवाल, तेव्हा हात अंगाखाली दबला नाही ना, एवढे जरा वाकून पाहा.