बाईंनी सोडलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. माझे दोन्ही हात शाबूत आहेत, पाठ ताठ आहे, आणि मागचा एक पाय आखूड असला तरी त्याखाली लाकडाची चकती ठोकल्यापासून मी कधी डुगडुगले नाही. माझ्या तोडीची खुर्ची या गल्लीत दुसरी नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते.

सुतारानं मला मुलींच्या शाळेसाठी घडवलं. वर्गात एक लाकडी चौथरा होता. त्यावर मी, आणि माझ्यावर बाई. बाई शिकवायला लागल्या की भिंतीवरची पालसुद्धा ऐकत असावी. त्यांचा दरारा असा, की त्या वर्गात नसल्या तरी नुसतं माझ्याकडे बघून मुली चिडीचूप बसायच्या. रोज सकाळी बाई विचारायच्या, "गृहपाठ झाला?" जिचा झाला नसेल तिनं माझ्याशेजारी उभं राहायचं, असा नियम होता. पुढे पुढे कुणी उभंच राहीना. सगळ्या एका सुरात "झाला, बाई" म्हणायच्या. मागच्या बाकावर एक अखंड बडबडणारी मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिचा आवाज सर्वांत मोठा असे. बाईंना वाटे, वर्गाला शिस्त लागली. मलाही तसंच वाटे.

मग एका वर्षी घटसर्पाची साथ आली. बाई हजेरी घेताना एखादं नाव उच्चारायच्या आणि तिथंच थांबायच्या. एक दिवस त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "घशाचं चित्र मी फळ्यावर सुरेख काढते. पण घसा धरलेल्या पोरीसाठी मला काही म्हणता काही करता आलं नाही." आणि त्यांनी नोकरी सोडली. डॉक्टर व्हायचं ठरवलं!

घरात गहजब झाला. थोरल्या भावानं शाळेत येऊन, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस, असं चार जणांदेखत सुनावलं. केस पांढरे व्हायच्या वयात पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून शिकणार का, म्हणून लोक हसले. बाईंनी सरळ ट्रंक भरली. त्या गेल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथं माझा वेत फाटला, कोळ्यांनी संसार थाटले. मित्रांनो, उपेक्षा काय असते ते अडगळीतल्या खुर्चीला विचारा.

बाई परत आल्या त्या डॉक्टर होऊनच. त्या बातमीनं माझा ऊर भरून आला. त्यांनी बाजारामागच्या रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि मुख्याध्यापिकांकडून मला मागून घेतलं. नवा वेत आला, पायाखाली चकती आली. टेबलामागे मी, माझ्यावर बाई, आणि समोर बुटक्या स्टुलावर रोगी. येणाऱ्या बायका बहुतेक जुन्या विद्यार्थिनीच होत्या. बाई विचारायच्या, "सांगितलं तसं केलंस?" त्या म्हणायच्या, "केलं, बाई."

एकदा चिमणी आली. आता ती संसारी झाली होती. कडेवर तान्हा मुलगा, जुलाबांनी पार सुकलेला. बाईंनी औषध दिलं आणि बजावलं, पाणी उकळून, गार करून, चमच्या-चमच्यानं देत राहा. दुसऱ्या दिवशी चिमणी म्हणाली, "सगळं केलं, बाई." पण बाळाचे डोळे आणखी खोल गेले होते. बाईंनी औषध बदललं, जाडजूड पुस्तकं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी मूल मान धरेना. बाईंनी पुन्हा त्याची नाडी पाहिली. "मी मास्तरीणच बरी होते," असं त्या कंपाउंडरला हळूच म्हणाल्या. त्यांचं एवढं शिक्षण आणि ते एवढंसं मूल, दोन्ही एकदमच हातचं चाललं होतं.

तेवढ्यात चिमणीला भोवळ आली. बाईंनी झटकन उठून तिला बाळासकट माझ्यावर बसवलं आणि स्वतः स्टुलावर टेकल्या. खरं सांगते, मला राग आला. माझ्यावर बाईंखेरीज आजवर कुणी बसलं नव्हतं. पण चिमणीनं खाली बाईंकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"बाई, मी पाणी उकळलंच नाही. सरपण पुरत नाही, घरात चूल एकदाच पेटते."

"मग केलं असं का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत ना. तुम्हाला 'नाही' म्हणायची आमची कुणाची छाती झालीय कधी?"

मला वाटलं, आता बाई कडाडणार. पण त्यांनी चिमणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कंपाउंडरला पातेलंभर पाणी उकळायला सांगितलं. दिवे लागेपर्यंत दोघी बाळाला गार केलेलं पाणी चमच्यानं पाजत होत्या. बाळ चांगलं भोकाड पसरून रडलं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांतूनही पाणी आलं.

त्या दिवसापासून दवाखान्यात रोज सकाळी मोठं पातेलं उकळू लागलं; ज्याला लागेल त्यानं न्यावं. आणि मी टेबलाच्या पुढे आले. माझ्यावर रोगी बसायचा आणि बाई स्टुलावर. त्या विचारायच्या, "यातलं काय जमणार नाही, ते आधी सांग." लोक सांगायचे, आणि बरे व्हायचे. चौथऱ्यावर होते त्यापेक्षा तिथं माझी मान जास्त ताठ झाली.

बाई म्हाताऱ्या झाल्या, आजारी पडल्या, तेव्हा त्यांना माझ्यावर बसवत. चिमणी त्यांची सेवा करायला येई. एकदा तिनं विचारलं, "औषध घेतलंत, बाई?"

"घेतलं."

बाटली तर गळ्यापर्यंत भरलेली होती. चिमणीनं फक्त स्टूल ओढलं आणि बाईंच्या समोर, खाली बसली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग खुदकन हसल्या.

"नाही घेतलं गं. फार कडू आहे."

मित्रांनो, माझा वेत सैल झाला तर तो विणून घ्या, पावसात मला बाहेर ठेवू नका. पण माझी खरी निगा राखायची असेल, तर कुणाची विचारपूस करताना त्याला माझ्यावर बसवा. तुम्ही स्टूल घ्या.