खालचा थर

"कुठलीही संस्था वरून तपासायची नसते, तळातून तपासायची असते! तळ सांगेल तेच खरं!" नानांनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं. सिद्धांत मोठा दणदणीत होता. फक्त कवळी खिशात राहिली होती, त्यामुळे पुढे बसलेल्या दोन्ही मुलांना त्यातला 'तळ' तेवढा ऐकू आला.

"काय तळायचंय, नाना?" धाकटीनं मागे वळून विचारलं.

नानांनी कवळी बसवली आणि सिद्धांत पुन्हा सांगितला. पण सिद्धांताचं शिंकेसारखं असतं. दुसऱ्यांदा तो तितक्या जोरात येत नाही.

नाना बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. खोक्यातला वरचा थर तपासनिसासाठी रचलेला असतो, हे ते पहिल्याच आठवड्यात शिकले आणि त्यानंतर जन्मभर हात घातला तो खोक्याच्या बुडाशी. लग्नासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही दिवाणखान्यातून उठून थेट मोरी बघून आले होते. सासरेबुवा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

तर असे नाना मागच्या महिन्यात न्हाणीघरात घसरून पडले, आणि थोरला कामावरून येईपर्यंत तिथेच, फरशीवर, नळाकडे बघत पडून राहिले. थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दिवसभर घरात कुणी नाही. धाकटी दुसऱ्या गावी. वृद्धांसाठीचं एखादं चांगलं निवासस्थान बघू या, असं मुलं चाचरत म्हणाली, तेव्हा नाना लगेच हो म्हणाले. अट एकच. "निवड मी करणार. राहायचं मला आहे."

"अर्थात, नाना," दोघं म्हणाली, आणि निवड करायला लागली.

थोरल्यानं इंटरनेटवरचे तारे बघितले. पहिल्या निवासाला लोकांनी साडेचार तारे दिले होते. नानांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्यातले बरेचसे पार्किंगला होते.

"तिथे मी राहणार आहे की तुझी गाडी?"

तिथल्या दिवाणखान्यात माशांची मोठी काचेची पेटी होती आणि तिच्यासमोर म्हातारी माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसवलेली होती. मासे अंगानं चांगले भरलेले होते. मधूनमधून ते काचेजवळ येऊन समोरच्या ओळीकडे बघत आणि कंटाळून परत जात.

दुसऱ्या निवासाचं वातावरण धाकटीला आवडलं. भिंती फिकट जांभळ्या, मंद संगीत. नानांनी संडास बघायला मागितला, तर "आज साफसफाई चालू आहे" असं उत्तर मिळालं. दोन दिवसांनी त्यांनी फोन करून विचारलं. साफसफाई चालूच होती.

"नाना, तुम्हाला काहीच पसंत पडत नाही," थोरला आता स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणाला. "हे तिसरं सगळ्यात उत्तम आहे. इथे तरी आल्या आल्या भांडू नका."

"आल्या आल्या नाही भांडणार," नाना म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला.

व्यवस्थापिका बाई दारातच उभ्या होत्या. "या, साहेब," म्हणत त्यांनी नानांशी हात मिळवला. हसणं असं, की इस्त्री करून आणलेलं. त्यांनी एक खोली दाखवली. टेबलावर ताजी फुलं, चादरीला सुरकुती नाही. या पलंगावर आजवर कुणी झोपलेलं नाही, हे नानांना दारातूनच कळलं. हा वरचा थर.

"आमच्याकडे प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष असतं," बाई म्हणाल्या. थोरल्यानं मान डोलावली. धाकटीनं बागेबद्दल विचारलं. तिघं खिडकीशी गेली आणि वैयक्तिक लक्ष तेवढ्यात चुकवून नाना काठी टेकत बाहेर पडले.

व्हरांड्याच्या अगदी टोकाच्या खोलीत दोन पलंग होते. एकावर उशीला टेकून एक बारीक म्हातारा बसला होता, दुसरा रिकामा.

"यांना हॉस्पिटलात नेलंय," म्हातारा म्हणाला. "तुम्ही त्यांच्या जागी?"

"मी तपासायला आलोय."

"तपासा. मी शिंपी. आधी हा अंगरखा तपासा." त्यानं पाठ वळवून दाखवली. मागून सगळा उघडा, दोन नाड्या, त्यातली एक तुटलेली. "मी असा कपडा शिवला असता, तर गिऱ्हाइकानं माझ्याच कात्रीनं माझं नाक कापलं असतं."

नाना रिकाम्या पलंगावर बसले. बिस्किट नुसतं हातात धरून कळत नाही, तोंडात घालावं लागतं. त्यांनी बूट काढले, काठी भिंतीला लावली आणि आडवे झाले. गादी मधोमध खचलेली होती.

"बेल कुठे असते?"

शिंप्यानं बोट वर केलं. बेलचं बटण वायरीसकट गुंडाळून भिंतीवर, दिव्याच्याही वरच्या खिळ्याला टांगलेलं होतं.

"उगाच वाजवली की वर जाते."

"उगाच म्हणजे?"

"मी पाणी मागितलं होतं. संध्याकाळनंतर पाणी देत नाहीत. चादरी ओल्या होतात म्हणे."

नानांची कानशिलं तापली. ते उठणार, तोच एक सेविका ढकलगाडी घेऊन घाईघाईनं आत आली. तिनं खटकन पलंगाचा कठडा वर केला, नानांच्या गळ्यात लाळेरं बांधलं आणि काठी उचलून बाहेर ठेवली.

"अहो, काठी!"

"काठ्या ऑफिसात असतात. पडलास म्हणजे? आ कर बघू."

"मी इथला नाही! मी तपासायला आलोय!"

"हो रे राजा. हे आधीचे आजोबाही तपासायलाच आले होते. आ कर."

नानांनी जाब विचारायला तोंड उघडलं आणि त्यात चमचा गेला. काहीतरी पांढरं, कोमट. जन्मभर तोंडात घेतलेल्या मालाची चव सांगणाऱ्या माणसाला हा माल कशाचा आहे ते सांगता येईना. त्यांनी हात झटकला. चमचा खणकन फरशीवर पडला.

"आज फारच चिडचिड करतोय हा," सेविका शिंप्याला म्हणाली आणि दुसरा चमचा आणायला पळाली.

"तिच्यावर डाफरू नका," शिंपी हळूच म्हणाला. "आख्ख्या मजल्याला एकटीच आहे ती. डाफरायचं तर त्या हसतात ना, त्यांच्यावर."

आणि त्या हसतच आल्या. मागे थोरला, धाकटी.

"ही आमची शेजारसोबत खोली," व्यवस्थापिका बाई म्हणाल्या. "इथे सगळे अगदी रमलेत." त्यांनी नानांचा गाल थोपटला. "हे तर आमचे सगळ्यात आनंदी रहिवासी!"

थोरल्यानं आ वासला. "नाना?"

"हो, आम्हीही त्यांना प्रेमानं नानाच म्हणतो," बाई म्हणाल्या.

शिंप्याला खोकला आला.

"प्रेमानं!" नाना लाळेऱ्यासकट गरजले. "बाई, अर्ध्या तासापूर्वी तुम्ही माझ्याशी हात मिळवलात. तेव्हा मी साहेब होतो. फक्त आडवा झालो, तर मी कोण हेही तुम्हाला कळेना? हे तुमचं वैयक्तिक लक्ष? या माणसाची बेल आढ्याला टांगलीत, का, तर त्याला तहान लागते! कारखान्यात आम्ही गाढवांना घालायचा चुरासुद्धा नीट चाळून देत होतो!"

"बेल सुरक्षेसाठी—"

"खाली काढा ती! आत्ता!"

बाईंचं हसणं चुरगळलं. त्यांनी स्टूल शोधलं, चढल्या आणि बेल काढून शिंप्याच्या हातात दिली. शिंप्यानं ताबडतोब ती वाजवली.

"आणि तुम्ही दोघं!" नाना मुलांकडे वळले. "तारे मोजता, भिंतींचे रंग बघता! इतक्या खोल्या पाहिल्यात, एका तरी पलंगावरच्या माणसाला विचारलंत, बाबा, तू कसा आहेस? मला विचारलंत? न्हाणीघरात धरायला एक दांडी ठोकून द्या, दिवसा एक माणूस बघा, नाही मिळाला तर बेल हाताशी देणारी जागा सापडेपर्यंत मी शोधेन! पण मी! माझा निर्णय मी घेणार! कुणाच्या मदतीची मला गरज नाही! चला!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्यानं मान खाली घातली. व्यवस्थापिका बाई स्टुलावरच उभ्या होत्या. सगळे नानांच्या उठण्याची वाट बघू लागले.

नानांनी कठडा खाली दाबला. मग वर ओढला. मग हलवून बघितला.

"थोरल्या," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "हे कसं उघडतं बघ रे. लवकर. मला लघवीला जायचंय."