शून्य किलो

वर्षालीला संशय यायला फार काही लागत नसे. भाजीवाल्यांच्या घरची पोर. काट्याला लागणाऱ्या बोटांवर नजर ठेवतच मोठी झालेली. बाळापूरच्या भाजीउत्पादक मंडळासाठी तिने अकोल्यात बसून ॲप बांधलं होतं. काट्यावर वांगी ठेवली की वजन थेट मोबाइलवर. काटा वाचणारी लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडायचा आयता कोड, मात्र अमरावतीच्या देवानंददादाची. तो तिचा कॉलेजातला सीनियर, आणखी चारपाच जणांनाही तीच लायब्ररी द्यायचा.

चाचणीत सगळं ठीक. पण मंडळाला द्यायचं म्हणून नको तो कोड छाटून, कोडमधली नावं लपवून ॲप तयार केलं, की वजन शून्य. सोमवारी मंडळ ॲप घ्यायचं की नाही ते ठरवणार होतं. नाही म्हटलं तर तिची दोन वर्षं पाण्यात.

शनिवारी तिने लायब्ररी उघडून पाहिली. आत सगळी नावं ए, बी, सी. सरळ माणूस नावं कशाला लपवेल? स्वतःच्या ॲपमध्ये तिनेही तेच केलं होतं, पण आपला तो बाब्या. दादा स्वतःचं ॲप काढतोय, असंही कानावर आलेलं. म्हणजे त्यानेच आत कुलूप घातलं. तिने मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की अमरावतीच्या माणसाने दगा दिला. मग त्याला फोन करून तोंड सोडलं.

त्याने ऐकून घेतलं. तासाभराने त्याचा फोन आला. काटा वाचणारा भाग लायब्ररी ऐनवेळी नावाने शोधते. छाटणीला वाटतं, याला कोणी विचारत नाही, म्हणून ती तो उडवते. काय उडवायचं नाही याची यादी त्याने केली होती, पण लायब्ररीसोबत जाणाऱ्या फाइलीत टाकायची ती स्वतःच्याच फाइलीत ठेवली. बाकीचे छाटणी करतच नसत, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

"चूक माही हाय," तो म्हणाला. "नवी पाठवली, लावून पाह्य."

वजन आलं. वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गैरसमज झाला होता, असं तिने ग्रुपवर लगेच लिहिलं.

सोमवारी मंडळाच्या अध्यक्ष सुंदराबाईंनी काट्यावर कोबीचा गड्डा ठेवला, मोबाइल पाहिला, मग तोच गड्डा दुसऱ्या काट्यावर तोलला. बरोबर. तरी त्यांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"तूच म्हनली ना, तो दगाबाज हाय. त्याचं काढून आण, मंग पाहू."

"मावशी, माही चूक होती. तो चांगला माणूस हाय."

सुंदराबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शनवारी चोर होता, आज चांगला झाला. पोरी, त्यानं तुले काय देल्लं?"